आठवं माणूस

माझं भांडं पुन्हा डावीकडे कललं होतं आणि मी ते दोन्ही हातांनी सावरत होते, तेवढ्यात समितीवरचे औषधवाले दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. मातीच्या वर्गात फरशी ओली असते आणि त्यांचे बूट चामड्याचे. दारातूनच त्यांनी घसा खाकरला.

"एक सूचना आहे," ते म्हणाले.

औषधाच्या दुकानात बसून बसून त्यांना सगळं हलक्या आवाजात सांगायची सवय झाली आहे. ते "बोटीला उशीर आहे" एवढं म्हणाले तरी ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्या तपासणीत काहीतरी निघालं. आम्ही हातातलं काम थांबवून बसलो.

"पुढच्या सत्रापासून एका माणसाला एकच वर्ग. समितीचा निर्णय आहे."

"का बरं?" मातीवाल्या बाईंनी विचारलं. ह्या आमच्या शिक्षिका. बेटावरच्या नव्हेत, पलीकडून येतात.

"तक्रार आली होती. काही जण सगळ्याच वर्गांचा फायदा घेतात म्हणून."

"कोण घेतं?"

औषधवाल्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं, आणि ते इतकं जपून टाळलं की खोलीतल्या प्रत्येकाने माझ्याकडे बघितलं. मी भांड्याला धरूनच होते. सोडलं असतं तर ते बसलं असतं.

आता हा फायदा म्हणजे काय होता ते सांगते.

आमचं बेट लहान. एक धक्का, एक बाजारपेठ, आणि धक्क्याला लागून जुना बर्फाचा कारखाना. बर्फ बंद होऊन जमाना झाला, पण जाड भिंती उभ्या होत्या, म्हणून समितीने तिथे वर्ग सुरू केले. सोमवारी गाणं, गुरुवारी माती, शनिवारी नाटक. त्या इमारतीला अजून सगळे बर्फघरच म्हणतात. शिकवणारे पलीकडून बोटीने येतात. त्यांचं येणंजाणं आणि मानधन समिती देते, पण वर्गात आठ माणसं बसली तरच. सात आली तर मास्तरांनी आल्या बोटीने परत जायचं, असा नियम.

मी धक्क्यावर तिकीटखिडकीत बसते. बर्फघराची किल्ली माझ्या मागच्या खिळ्याला असते. सगळी भानगड त्या किल्लीमुळे झाली. गाण्याच्या वर्गात एका सोमवारी सातच जण आले. आठव्या बाई तापाने झोपल्या होत्या. मास्तर माझ्या खिडकीशी आले, अगदी पडलेल्या चेहऱ्याने, आणि म्हणाले, "ताई, पुढची बोट सुटेपर्यंत तुम्ही जरा आत येऊन बसता का? नुसत्या बसा."

मी बसले. त्या बाईंचा ताप उतरला, पण गाण्याचा नाद त्यांना पुन्हा लागला नाही. मग मी बसतच राहिले. पुढे मातीच्या वर्गातली एक मुलगी लग्न होऊन पलीकडे गेली, नाटकातल्या एका गृहस्थांना गुडघे नडले. दर वेळी कोणीतरी खिडकीशी आलं. अशी मी तिन्हीकडे आठवी झाले. शिकायचं म्हणून मी कुठेच गेले नव्हते.

आणि शिकले काय? गाण्याच्या मास्तरांनी थोड्याच दिवसांत मला बाजूला घेतलं आणि फार मायेने सांगितलं, "ताई, तुम्ही ओठ छान हलवता. तेवढंच करा. आवाज आतल्या आत राहू द्या." तेव्हापासून मी शेवटच्या रांगेत उभी राहून मुकाट्याने गात आले. एकही शब्द चुकला नाही, एकही ऐकू गेला नाही. नाटकात मी गर्दी झाले, शेजारीण झाले आणि एकदा प्रेत झाले. प्रेताच्या कामाचं पुष्कळ कौतुक झालं. मातीचं तर तुम्ही बघितलंच. मी करते ते प्रत्येक भांडं डावीकडे कलतं. बाई म्हणतात, तुम्ही बसताच तशा. हा माझा फायदा.

औषधवाले गेल्यावर प्रत्येकाचं मनातल्या मनात चाललेलं गणित मला कळत होतं. मी एक वर्ग धरला की बाकीचे दोन साताचे होणार. साताचा वर्ग म्हणजे बंद.

"मग तिकीटताई," शेवटी बेकरीवालीने विचारलं, "तुम्ही कोणता घेणार?"

"बघते," मी म्हटलं. आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणीतरी असा प्रश्न विचारला होता आणि माझे हात मनगटापर्यंत चिखलात होते.

*

घरी जेवताना मी ही गोष्ट काढली. घरात आम्ही तिघं. हे बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. सासूबाईंचे कान गेले आहेत. समोरच्याचे ओठ बघून त्या सगळं ओळखतात, आणि आपण पाठ फिरवून पुटपुटलो तर तेही ओळखतात असा मला दाट संशय आहे.

"त्यात काय एवढं?" हे म्हणाले. "तुला जो आवडतो तो धर."

"आवडतो म्हणजे?"

"आवडतो म्हणजे आवडतो. अगं, इतकी वर्षं जातेस, तुला माहीत नाही?"

"मी आठवं माणूस लागतं म्हणून जाते."

"ते झालं. पण तिथे गेल्यावर तुला बरं कुठे वाटतं?"

मी विचार करायला लागले. हे घास हातात धरून थांबले. खरं तर माझ्या डोळ्यांसमोर येत होतं ते खुर्च्यांचं. गाण्याला रांगा, नाटकाला गोल, मातीला टेबलाभोवती स्टुलं. ते सांगितलं असतं तर हे हसले असते. शेवटी ह्यांनी घास तोंडात घालून आपलं नेहमीचं गुणगुणणं सुरू केलं. ही ह्यांची जन्माची खोड. जेवताना, बुटाची नाडी बांधताना, इंजिनाखाली उताणे पडलेले असताना, सतत नाकातून काहीतरी चालू. "अहो, जरा गप्प बसा ना" हे वाक्य मी लग्नापासून जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा दुसरं कुठलंच म्हटलं नसेल. तेव्हाही म्हटलं.

सासूबाईंनी कवळी काढून त्यांच्या भांड्यात ठेवली. ते भांडं मी केलेलं. सरळ उभं राहात नाही म्हणून भिंतीला टेकवून ठेवतात. कवळीशिवाय त्यांचं बोलणं बोळकं होतं, पण अडत नाही.

"तिला कशाला विचारतोस?" त्या ह्यांना म्हणाल्या. "ती तिकीट देते. कुठे जायचं ते खिडकीपुढचा सांगतो."

मी पोट धरून हसले. नंतर भांडी घासताना ते पुन्हा आठवलं, तेव्हा काही हसू आलं नाही.

*

पुढचे दिवस विचित्र गेले. ज्या बाईला कोणी "बसा" ह्यापलीकडे काही म्हटलं नव्हतं, तिच्या खिडकीशी माणसं तिकीट न काढता उभी राहू लागली.

सोमवारी गाण्याचे मास्तर बोटीतून उतरले ते थेट माझ्याकडे. "ताई, आजपासून मोकळ्या आवाजात. अगदी संकोच करू नका."

मी संकोच केला नाही. पुढची रांग एकजात मागे वळली. मास्तर हसत राहिले, पण दाढ दुखताना माणूस हसतो तसे. दुसऱ्या कडव्याला त्यांनी डोळे मिटले. त्यांनी ते तल्लीन होऊन मिटले असं मला मानायचं होतं, म्हणून मी आणखी जोर लावला.

मनात आलं, वर्गात सगळ्यांसमोर आपण बावरतो, एकटीने गाऊन बघावं. दुपारची बोट सुटल्यावर खिडकी लावून घेतली आणि आत गायला लागले. पहिली ओळ संपायच्या आत बाहेरून कोणीतरी काचेवर टकटक केली. "तिकीटताई, बरं वाटत नाही का? दवाखान्यात नेऊ?"

नाटकवाल्यांनी तर कमालच केली. नाटकाचे हे मास्तर पलीकडच्या शाळेत खेळ शिकवतात, त्यामुळे नाटकातही शिट्टी गळ्यात असते. म्हणाले, "ह्या वेळी तुम्हाला मोठं काम. खाष्ट सासू. भरपूर वाक्यं आहेत." गर्दीतून एकदम सासू! मी कागद घरी आणले आणि आरशासमोर उभी राहून पाठ करायला लागले. पाठांतर मला जमतं, आवाज न करता का होईना मी सगळी गाणी पाठ केली होती. वाक्यं चार दिवसांत झाली. फक्त राग येईना. "ह्या घरात माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?" हे मी असं म्हणायचे, जसं काही खरंच चौकशी करते आहे.

सासूबाई पलंगावरून आरशात माझे ओठ बघत होत्या. दोन दिवस त्यांनी सहन केलं.

"असं रागवतात होय?" त्या तिसऱ्या दिवशी म्हणाल्या. "सरक. मी दाखवते."

त्यांनी उशीला टेकून कंबर ताठ केली, कवळी नीट बसवली आणि ते वाक्य म्हटलं. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. मी काय केलं असेल? मी धावत जाऊन चुलीवरचं दूध खाली उतरवलं. चुलीवर दूध नव्हतंच. रिकामं पातेलं हातात घेऊन उभी राहिले.

ही गंमत मी नाटकवाल्यांना हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "त्यांना चालता येतं का?"

*

ह्यांचंही त्याच आठवड्यात झालं. गाण्याच्या मास्तरांच्या परतीच्या बोटीचं इंजिन धक्क्याला लागल्या लागल्या बंद पडलं. हे हत्यारांची पिशवी घेऊन आले आणि खाली शिरले. मास्तर बाकावर बसून राहिले. मी खिडकीतून बघत होते. इंजिनाखालून ह्यांचं ते नेहमीचं चालू झालं आणि मला लाजल्यासारखं झालं. जाऊन सांगावं, अहो, मास्तर बसलेत, जरा गप्प बसा. पण खिडकी सोडता येईना.

बोट दुरुस्त झाली. चढायचं सोडून मास्तर माझ्याकडे आले.

"हे कोण?"

"हे आमचे हे."

मास्तर कठड्याला धरून उभे होते. "इतके दिवस सांगितलं नाहीत?" असं म्हणाले, आणि मग म्हणाले, "त्यांना सोमवारी पाठवा."

त्यांना घेऊन या, असं नाही. पाठवा. मास्तर वाईट माणूस नव्हेत, त्यांच्या ध्यानातही आलं नसेल. मी मान डोलावली. घरी येऊन ह्यांना निरोप सांगितला, तर हे इतके गडबडले की नाडी बांधलेले बूट पुन्हा सोडायला लागले.

"मी? छे! मला कुठे गाता येतं? तूच तर सारखी गप्प बस म्हणतेस."

"मी म्हणते ते सोडा," मी म्हटलं. "जा तुम्ही." माझा आवाज जरा चिरका निघाला असावा, कारण ह्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं.

खरं सांगते, मला राग आला होता. कोणाचा ते कळत नव्हतं. ह्यांचा म्हणावा तर ह्यांनी काय केलं होतं? मास्तरांचा म्हणावा तर त्यांचे कान चांगले हा काही त्यांचा गुन्हा नाही. वर्ग वाचले होते. सोमवारी ह्यांच्यामुळे आठ, शनिवारी सासूबाईंमुळे आठ. सासूबाईंना चालवत नाही, म्हणून धक्क्यावरची सामानाची हातगाडी झाडून पुसून, वर गादी टाकून त्या दर शनिवारी बाजारपेठेतून मिरवत जाणार होत्या. नाटकवाले स्वतः गाडी ओढायला तयार होते. माझ्या दोन्ही जागा माझ्याच घरातून भरल्या, म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो जरा बाजूला बसल्यासारखा झाला.

चला, मी मनाला म्हटलं, सुटलीस. आता निवडायचं उरलंच नाही. उरली ती माती. गुरुवारी वर्ग सुटल्यावर मी मातीवाल्या बाईंना मदत करायच्या निमित्ताने थांबले आणि म्हटलं, "बाई, मी तुमचा वर्ग घेते."

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा खुलेल. सगळ्यांनी माझ्या मनधरण्या केल्या होत्या, ह्या एकट्याच काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी ओले हात फडक्याला पुसले आणि माझा दंड धरला.

"ताई, तुम्हाला सांगणारच होते. दवाखान्यात बदलून आलेल्या नर्सताई आहेत ना, त्या येते म्हणाल्यात. आपले आठ झाले. तुम्ही आता माझ्यासाठी अडकून राहू नका हं. किती वर्षं ओढाताण केलीत आमच्यासाठी. आता मोकळ्या झालात."

त्या इतक्या प्रेमाने म्हणाल्या की मी "हो ना" म्हटलं. वर "बरं झालं" असंही म्हटलं. बर्फघराला कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि घरी गेले.

*

मोकळेपणाचं काय करतात, मला माहीत नव्हतं. नवीन सत्र सुरू झालं. सोमवारी हे जायचे, शनिवारी सासूबाई जायच्या. मी दर वेळी बर्फघर उघडून द्यायची, खुर्च्या मांडायची आणि खिडकीत येऊन बसायची. सोमवारी तिथे बसल्या बसल्या माझे ओठ हलायला लागायचे. तिकीट काढायला आलेली माणसं विचारायची, "काय म्हणालात?"

"काही नाही," मी म्हणायची.

बेकरीवाली एकदा म्हणाली, "मजा आहे बाई तुमची. घरात शांतता." शांतता होती खरी. ह्यांचं घरातलं गुणगुणणं बंद झालं होतं. मास्तरांनी सांगितलं होतं म्हणे, आवाज जपा. आता इंजिनाखालीसुद्धा ते मुके असायचे. इतकी वर्षं मागितलेली शांतता मला अशी आयती मिळाली, आणि भात खाताना मला त्यात माझंच चावणं ऐकू यायचं.

सत्राच्या शेवटी बर्फघरात सगळ्यांची एक संध्याकाळ असते. भिंतीशी मातीची भांडी मांडतात, मग गाणं, मग नाटक. सगळं बेट येतं. दर वर्षी मी त्या दिवशी तीनदा साडी बदलायची. ह्या वर्षी एकच नेसले आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसले, किल्ली हातात घेऊन. समोरून बर्फघर कसं दिसतं ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

गाण्यात हे पुढच्या रांगेत. इस्त्रीचा शर्ट, आणि हातांचं काय करावं ते न कळून एक हात खिशात, एक बाहेर. मधे सगळे थांबले आणि हे एकटे गायला लागले. नाकातून नव्हे, घशातून. ती चाल मला माहीत होती. आमच्या न्हाणीघरातून, अंगणातून, जेवणाच्या पाटावरून मी ती कितीदा तरी हाकलून दिली होती. मला रडू आलं आणि रागही आला आणि अभिमान वाटला, आणि ह्यातलं कशाचं काय हे मला अजूनही नीट लावता येत नाही. मी किल्ली मुठीत घट्ट धरली.

मग नाटक. सासूबाईंना खुर्चीसकट उचलून रंगमंचावर ठेवलं. पहिल्या वाक्यालाच लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेचं काम करणारी मुलगी खरोखर थरथरत होती. सासूबाई रंगात आल्या. हात काय नाचवत होत्या, भुवया काय उडवत होत्या.

आणि मधेच थांबल्या.

लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. मला माहीत होतं, नाही. तिथे पुढचं वाक्य होतं, "ह्या घरात माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?" ते त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. पडद्याआडून नाटकवाले वाक्य सांगत असणार, पण कान नसलेल्या माणसाला आडून सांगून काय उपयोग? म्हाताऱ्या माणसाचा चेहरा एकदम लहान होतो तसा त्यांचा झाला. त्या लोकांवरून नजर फिरवायला लागल्या. मला शोधत होत्या.

मी ताठ बसले. त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली आणि मी ओठ हलवले. आवाज आतल्या आत ठेवला. गाण्याच्या वर्गात शेवटच्या रांगेत जे केलं तेच, शब्द न् शब्द, नीट तोंड उघडून.

त्यांनी ते उचललं आणि असं काही फेकलं की मागच्या बाकावरचा माणूस दचकून उठला. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. शेवटपर्यंत मी सांगत गेले आणि त्या रागावत गेल्या. माझ्या शेजारी बसलेल्या औषधवाल्यांनासुद्धा पत्ता लागला नाही. नाटक संपल्यावर सगळं बर्फघर उभं राहिलं. औषधवाले माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "घरात सगळे कलाकार! आणि तुम्ही काय करता हल्ली?"

"तिकिटं देते," मी म्हटलं.

घरी जाताना हे हातगाडी ओढत होते आणि मी मागून धरली होती. बाजारपेठेतून जाताना लोक दारात येऊन सासूबाईंना हात करत होते. गादीवर बसून त्या सगळ्यांना मानेनेच प्रतिसाद देत होत्या. दिवा असलेल्या कोपऱ्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि माझ्याकडे तोंड केलं.

"दुसरं वाक्य तू आधी सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मधलं एक गाळलंस."

"चुकलं, आई."

त्यांनी गादीवरून हात लांब करून माझा हात शोधला, धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंचं कवळीचं भांडं विसळत होते. रोजच विसळते. त्या दिवशी ते हातात जरा जास्त वेळ राहिलं. एका बाजूला कडेखाली खळगा आहे. कधी पडला ते मला आठवत नव्हतं. त्यात माझा अंगठा बरोबर बसला. दुसऱ्या हाताचा बसवून बघितला, बसला नाही. ह्यांना हाक मारली आणि म्हटलं, तुमचा बसतो का बघा. ह्यांचा अर्ध्यात अडकला.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. पण भांडं खाली ठेवलं नाही. आवडणं म्हणतात ते हेच की काय, मला खरंच ठाऊक नव्हतं. एवढ्याशा खळग्यासाठी माणसं वर्गाला जातात का, तेही ठाऊक नव्हतं. विचारणार कोणाला? खिडकीपुढे उभं राहून कुठे जायचं ते सांगणारं कोणी नव्हतं.

गुरुवार आला. पुढच्या सत्राचा पहिला वर्ग. मी बर्फघर उघडलं आणि टेबलाभोवती स्टुलं मांडली. तिथे आहेतच आठ. माणसं आली, बाई आल्या, नर्सताई नव्या कोऱ्या फडक्यासकट आल्या. मी नेहमीप्रमाणे दार ओढून घेऊन खिडकीत आले. बसले. उठले. पुढच्या बोटीला वेळ होता. मी खिडकी लावली, माझं स्वतःचं स्टूल उचललं आणि धक्क्यावरून ते कडेवर घेऊन निघाले. ते जड आहे आणि त्याचा एक पाय आखूड आहे. नाखवा बोटीवरून ओरडला, "ताई, खिडकी घेऊन कुठे निघालात?"

मी दार ढकललं तेव्हा बाई मातीचे गोळे वाटत होत्या. त्यांनी वर बघितलं.

"ताई? काही हवंय का? आपले आठ झालेत हो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी नववी."

मी स्टूल धरून उभी होते आणि माझे कान तापले होते. मग नर्सताई सरकल्या. त्या सरकल्या म्हणून त्यांच्या पलीकडचे सरकले, आणि टेबलाच्या कोपऱ्याशी एक जागा झाली. मी स्टूल ठेवलं. ते डावीकडे डुगडुगलं. त्याच्या पायाखालचा पुठ्ठा खिडकीतच राहिला होता.

"पण माती आठांचीच आणली आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा ओशाळला होता.

बेकरीवालीने आपल्या गोळ्याचा एक तुकडा तोडला आणि माझ्यापुढे ठेवला. माझी तक्रार तिनेच केली होती, हे मला नंतर कळलं. तुकडा सगळ्यांत लहान होता, पण पहिला तिचाच होता. मग नर्सताईंनी दिला, मग बाकीच्यांनी. कोणी थोडा, कोणी बरा. काही ओले होते, काही वाळत आलेले.

असे वेगवेगळे तुकडे एकजीव व्हायला वेळ लागतो. मी पदर खोचला, पाण्यात हात बुडवले आणि मळायला लागले.